कल्हई कायमची नसते

रविवारी सकाळी दोन बादल्या, शांपू आणि मेणाचा डबा घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो की कोणी ना कोणी थांबतंच. "अहो, आताच्या गाड्यांना हे काही लागत नाही. कंपनीच वर क्लिअर कोट देते. वॅक्स, सीलंट, कोटिंग, सगळा विकणाऱ्यांचा धंदा आहे." असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात. त्यांतले काही इंजिनिअर आहेत, एक-दोघे वाहन उद्योगातूनच निवृत्त झालेत. उभ्याउभ्या दोन वाक्यांत त्यांना उत्तर देता येत नाही, आणि गप्प बसलं तर त्यांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी त्यांची बाजू त्यांच्याच ताकदीने मांडतो. मुद्दे तीन आहेत. पहिला: मेण लावायची रीत जुन्या रंगांच्या काळातली. आजचा रंग भट्टीत भाजलेला असतो, कवच घेऊनच येतो. त्या कवचाला आणखी कवच कशाला? दुसरा: लावलेलं मेण महिन्या-दोन महिन्यांत उडून जातं. जे स्वतःच टिकत नाही ते दुसऱ्याला काय राखणार? तिसरा: या बाजारात इतकं खोटं विकलं जातं की शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये.

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. चुकतो तो त्यांतून काढलेला निष्कर्ष, आणि त्या चुकीची भरपाई गाडीच्या रंगाला करावी लागते.

पहिल्या मुद्द्यातला इतिहास खरा आहे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. १९२० च्या दशकात ड्यूपॉन्ट कंपनीचं ड्यूको हे लॅकर आलं आणि गाड्यांना झटपट वाळणारे रंग मिळाले. पण लॅकर उन्हात निस्तेज व्हायचं. त्याला घासून चमक आणायची आणि वर मेण चढवायचं हे ओघानेच आलं. आपल्याकडे ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा अँबेसेडर होती, त्यांना रबिंगचं फडकं आठवत असेल. निळ्या गाडीवरून फिरवलं की फडकं निळं व्हायचं. रंगाचा मेलेला वरचा पापुद्रा फडक्यावर यायचा. १९८० च्या दशकापासून बेस कोटवर क्लिअर कोट ही पद्धत रुळली आणि फडक्यावर रंग येणं थांबलं.

फडक्यावर येत नाही म्हणजे झिजत नाही, असं मात्र नव्हे. आता झिजतो तो पारदर्शक थर, आणि पारदर्शक असल्यामुळेच त्याची झीज कोणाला दिसत नाही. पद्मिनीच्या मालकाला निदान फडकं बघून कळायचं की आपण काहीतरी गमावतोय. आजच्या मालकाला ते कळतं तेव्हा टपावर पांढरट चकत्या उमटलेल्या असतात.

या कवचाची जाडी किती, ते बघू. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग सगळा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट. ही सगळी चळत मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे आपलं हे कवच माणसाच्या केसाहूनही बहुधा पातळच असतं. उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं याच थरात मिसळलेली असतात. थर घासून पातळ झाला की ती द्रव्यंही कमी होतात, ऊन खालपर्यंत पोचतं, बेस कोटची आणि क्लिअर कोटची पकड सुटते आणि पापुद्रे निघायला लागतात. त्या अवस्थेत जगातलं कुठलंही पॉलिश, मेण किंवा कोटिंग उपयोगाला येत नाही. रंगच नव्याने द्यावा लागतो.

आणि नव्याने दिलेला रंग तो पहिला रंग नसतो. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजतात, खालचा गंजरोधक थर त्याहूनही वरच्या तापमानाला. हे शक्य होतं, कारण तेव्हा गाडी म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा असतो. वायरी नाहीत, टायर नाहीत, सीट नाहीत. पुढे गॅरेजमध्ये तीच गाडी रंगवताना ६०-८० अंशांच्या वर जाता येत नाही. डेंटिंग-पेंटिंगचा कारागीर कितीही कसबी असो, त्याच्या हाती ती भट्टी नाही. पहिला रंग गाडीच्या आयुष्यात एकदाच मिळतो. "कंपनीने क्लिअर कोट दिलाय, मग काळजी कशाला?" याला माझं उत्तर असं आहे: एकदाच दिलाय, म्हणूनच काळजी.

क्लिअर कोट अभेद्य असता तर रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या परीक्षा घेतल्याच नसत्या. फ्लोरिडातल्या जॅक्सनविल इथे भर उन्हाळ्यात १४ आठवडे रंगाचे नमुने उघड्यावर ठेवले जातात. तिथल्या दमट हवेत आम्ल, दव आणि ऊन एकत्र येऊन क्लिअर कोटवर कसे खड्डे पाडतात, ते त्यात पाहतात. प्रयोगशाळेत पक्ष्यांच्या विष्ठेऐवजी पॅन्क्रिअॅटिन हे पाचक विकरांचं मिश्रण रंगावर ठेवून तपासणी करतात, कारण अन्न पचवणारी विकरं रंगातलं रेझिनही तोडू शकतात. ज्यांनी क्लिअर कोट बनवला, त्यांनाच तो कशाने खराब होतो याची सर्वांत जास्त धास्ती आहे. आपण मात्र निर्धास्त!

आपल्या दारातल्या धोक्यांची यादी जॅक्सनविलपेक्षा लहान नाही. कबुतरं तर आहेतच. काळ्या बोनेटचा पत्रा एप्रिलच्या उन्हात ६०-७० अंशांच्या घरात जातो. त्यावर पडलेली विष्ठा सकाळपासून दुपारपर्यंत राहिली, तर पुसल्यावरही खाली तिची आकृती उरते. आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांतला चिकटा माहीत आहे. तो झाडाचा डिंक नव्हे. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी बाहेर टाकलेला गोड द्राव तो, आणि त्यावर पुढे काळी बुरशी धरते. जूनमध्ये जांभळांचे डाग. रेल्वेमार्गालगत लावलेल्या पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात. गाडी गंजली म्हणून मालक घाबरतो, पण ते बहुधा चाकांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण असतात, रंगात रुतून बसलेले. शेजारी इमारत उठत असेल तर सिमेंटची धूळ. ती अल्कधर्मी असते आणि दवाने भिजली की जागच्या जागी घट्ट होते. आणि बोअरचं पाणी. ज्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो, त्याच पाण्याने आपण भर उन्हात गाडी धुतो आणि आपोआप वाळू देतो. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात.

आता मेण आणि सीलंट याविरुद्ध नक्की काय करतात? कार्नोबा मेण येतं ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून. पानातला ओलावा उन्हाने उडू नये म्हणून झाडच आपल्या पानांवर हे मेण चढवतं. पानं वाळवून, झोडपून त्याची भुकटी काढतात. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. म्हणून तापलेल्या बोनेटवर ते तग धरतं. सीलंट हे कारखान्यात घडवलेलं पॉलिमर. त्याच्यात बहुतेक वेळा सिलिकोनची रसायनं असतात. ती रंगाला अधिक घट्ट धरून राहतात आणि काही महिने टिकतात.

दोन्हींचं काम एकच, आणि ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. मेण लावलेल्या बोनेटवर तेच घडतं. पाणी पसरत नाही, धूळ आणि चिखल रंगाला चिकटून बसत नाहीत, विष्ठा आणि रंग यांच्या मध्ये एक परका थर येतो. तो थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, हे मी लपवत नाही. तो विष्ठेला दिवसभर थोपवून धरेल असंही म्हणत नाही. पण सकाळी पडलेला डाग संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर पुसायला आपल्याला जी उसंत हवी असते, त्यातली थोडी तरी तो देतो. आणि पुसताना जोर लावावा लागत नाही. हा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो. त्याचं कारण पुढे येईल.

जे टिकत नाही ते राखणार काय, हा दुसरा मुद्दा ऐकला की मला आमच्या आजीची पितळेची पातेली आठवतात. वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून भाता लावायचा, पातेलं लाल होईस्तोवर तापवायचा, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरलं की काळवंडलेलं भांडं चांदीसारखं व्हायचं. मग पाण्यात बुडवताना चर्र असा आवाज. वर्षभर घासून ती कल्हई झिजायची. आतून पितळ डोकवायला लागलं की आजी त्या पातेल्यात ताक-कढी करायची नाही, आंबट कळकेल म्हणून. आणि कल्हईवाल्याची वाट बघायची.

कल्हई झिजते, म्हणून ती निरुपयोगी आहे, असं त्या पिढीतल्या कोणत्या बाईने कधी म्हटलं? तिला पक्कं ठाऊक होतं की कल्हई झिजते तेव्हा पातेलं झिजत नाही. घासणीचा मार कोणीतरी खाणारच आहे; तो कथलाने खाल्लेला बरा, कारण कथील पुन्हा चढवता येतं. गाडीवरचं मेण ही तीच कल्हई आहे. साबण, पाऊस, फडकं यांचा मार ते स्वतः खातं आणि निघून जातं. त्याचं निघून जाणं ही त्याने केलेल्या कामाची पावती आहे. क्लिअर कोटचे ४० मायक्रॉन पुन्हा चढवता येत नाहीत. मेण दर दोन महिन्यांनी चढवता येतं. झिजायला कोणीतरी लागणारच असेल तर त्या दोघांत कोणाला पुढे करायचं, हा हिशेब अवघड नाही.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे मी माझ्या टीकाकारांच्या बाजूने उभा आहे. या बाजारात फसवणूक आहे आणि ती मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी गाडी कोटिंगसाठी दिली. कोटिंगच्या आधी "रंग तयार करायला" त्यांनी पॉलिशचं मशीन फिरवलं. संध्याकाळी गाडी आरशासारखी चकाकत होती. आठवड्याने कडक उन्हात पाहिलं तर बोनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो, तिथला क्लिअर कोट पार उडालेला. कडांवर मशीनचा दाब वाढतो, उष्णता वाढते, आणि जाडी न मोजता कटिंग केलं, म्हणजे मशीनने वरचा थर घासून काढला, की असंच होतं. जे राखायला गेलो तेच राखणाऱ्याच्या हातून गेलं. तो व्रण आजही माझ्या बोनेटवर आहे, म्हणून या धंद्याची वकिली माझ्याकडून कोणी अपेक्षू नये.

खोटं किती खोल गेलंय ते पाहा. अनेक वर्षं सर्व्हिस सेंटरांमधून "टेफ्लॉन कोटिंग" या नावाने पैसे घेतले गेले. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. त्याचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस. तव्यावर ते बसवायला त्याहूनही जास्त तापमानाची भट्टी लागते. तेवढ्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. साध्या हवेत फडक्याने चोळलेलं टेफ्लॉन तव्यासारखं गाडीवर बसू शकत नाही. त्या बाटलीतून जी काही चमक मिळायची ती बहुतेक त्यातल्या मेणाची आणि सिलिकोनची. साध्या मेणाला मोठं नाव देऊन मोठी किंमत लावली, इतकंच.

पुढची पायरी "नाइन एच" सिरॅमिकची. "नऊ म्हणजे जवळजवळ हिरा, ओरखडा उठणारच नाही," असं सांगतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापात दहा म्हणजे हिरा आणि नऊ म्हणजे कुरुंद, हे शाळेत शिकलेल्या माणसाला ते पटतंही. पण हा नऊ त्या मापातला नाही. हा पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठत नाही ते नोंदवतात. नाइन एच म्हणजे त्या ओळीतली सर्वांत कठीण पेन्सिल. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाची भुकटी. त्यातली खनिजं मोस मापावर ५-६ च्या आसपास. वाळूतलं क्वार्ट्झ ७. पेन्सिलीची परीक्षा पास झालेला एक-दोन मायक्रॉनचा थर दगडाच्या भुकटीपुढे अजिंक्य कसा ठरेल?

याचा अर्थ सिरॅमिक कोटिंग खोटं आहे असा नाही. नीट केलेलं चांगलं कोटिंग वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून अधिक काळ टिकतं आणि गाडी धुणं सोपं करतं. खोटं आहे ते त्याला जोडलेलं वाक्य: "एकदा करा आणि पाच वर्षं विसरा." सिरॅमिकसुद्धा कल्हईच आहे, जरा जाड कथलाची. तीही झिजते, तिलाही धुणं-पुसणं लागतं. दगडाच्या टिचक्यांपासून पत्रा वाचवायचा असेल तर साधारण २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म लागते. द्रवरूप कोटिंग ते काम करू शकत नाही.

मेणाकडून काय होत नाही, तेही स्पष्ट सांगतो. उन्हापासून ते नगण्य संरक्षण देतं; ते काम क्लिअर कोटमधल्या द्रव्यांचंच आहे. कोकणात दाराच्या आतून आणि तळातून धरणारा गंज ते थांबवत नाही. पडलेला ओरखडा ते मिटवत नाही. क्वचित काही दिवस झाकतं. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहिले म्हणजे संरक्षण पक्कं, हाही गैरसमज आहे. बोअरच्या पाण्याचे तेच मोती उन्हात वाळले तर प्रत्येक मोत्याच्या जागी क्षारांचं कडं उरतं. मेण लावलेल्या गाडीलाही कोरडं पुसावंच लागतं.

म्हणजे विकणारे खोटं बोलतात, हे खरं. पण त्यांच्या खोटेपणाची शिक्षा मेणाच्या डब्याला का? सुक्याबरोबर ओलंही जाळायचं, हा कसला विवेक? भेसळ होते म्हणून आपण दूध सोडत नाही, दूधवाला बदलतो. माझी तक्रार विकणाऱ्यांबद्दल जेवढी आहे तेवढीच विकत घेणाऱ्यांबद्दलही आहे. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: असं काहीतरी, की त्यानंतर पुन्हा हात लावायला नको. एकाने ते वचन विकलं, दुसऱ्याने ते विकत घेतलं, आणि वचन मोडल्यावर तिसऱ्याने सगळ्यांनाच खोटं ठरवलं. राखणं ही नित्याची कृती आहे. ती एकरकमी पैसे देऊन कायमची उरकून टाकता येत नाही, हे या तिघांपैकी कोणालाच मान्य करायचं नाही.

या वादात एक गोष्ट कोणीच बोलत नाही, ती आता बोलतो. आपल्याकडे रंगाचं सर्वाधिक नुकसान ऊन करत नाही, कबुतर करत नाही. ते करतं आपलंच रोजचं फडकं. पहाटे सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आणि एकाच फडक्याने दहा-पंधरा गाड्या पुसतो. रात्रभर बसलेली धूळ, म्हणजे तीच दगडाची भुकटी, फडक्याखाली घेऊन तो गोल गोल हात फिरवतो. वर्षाला तीनशे वेळा. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून पाहा: दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चऱ्यांची वर्तुळं दिसतील. दोष त्या माणसाचा नाही. महिन्याला आपण त्याच्या हातावर जे ठेवतो, त्यात त्याने प्रत्येक गाडीला स्वच्छ पाणी आणि स्वच्छ फडकं द्यावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. रोज गाडी पुसलेली दिसलीच पाहिजे, हा हट्ट आपला आहे.

मेणाचा खरा उपयोग इथे कळतो. मेण लावलेल्या रंगावर धूळ कमी धरते आणि पाणी ओतलं की बरीचशी आपणच वाहून जाते. उरलेली हलक्या हाताने निघते. घासणं कमी, म्हणून चरे कमी. चरे कमी, म्हणून मशीन फिरवायची वेळ उशिरा. आणि कटिंगच्या प्रत्येक फेरीत जाणारे दोन-तीन मायक्रॉन शाबूत. या साखळीतली पहिली कडी स्वस्त आहे आणि शेवटची फार महाग. पाण्याचा हिशेबही यातच आला. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे पाइप लावून गाडी धुणं शोभत नाही. मेण असलेली गाडी दोन बादल्यांत निघते.

कोणी म्हणेल, ही हौस झाली; गाडी पाच-सात वर्षांनी विकायचीच आहे. पण ती मोडीत निघत नाही, कोणाच्या तरी दारात जाते. तो माणूस बहुधा आपल्याहून कमी पैशांत संसार करणारा असतो, आणि आपण झिजवलेला रंग त्याच्या वाट्याला जातो. जो गाडीवर पोट भरतो, टुरिस्ट गाडी चालवतो, त्याच्यासाठी तर रंग म्हणजे गिऱ्हाइकाची पहिली नजर. मेणाच्या एका डब्यात अनेक हात होतात, कारण दर वेळी लागतं बोटभरच. रंगकामाच्या एका दिवसापुढे तो खर्च किरकोळ आहे.

कसं करायचं, ते थोडक्यात. गाडी सावलीत, पत्रा थंड. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची. एका बादलीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात झटकून मगच शांपूत बुडवायचा. वरून खाली यायचं, गोल न फिरवता सरळ. मायक्रोफायबरने टिपून कोरडी करायची. रंगावर हात फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, पण वर्षातून एखाद्या वेळेस आणि भरपूर ओलाव्यात, कारण तोही थोडं खरवडतोच. मग मेण किंवा सीलंट अगदी पातळ. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. सीलंटवर मेण चालतं. मेणावर सीलंट धरत नाही. सीलंट मुरेपर्यंत, डब्यावर लिहिलेले तास, गाडी कोरडी ठेवायची. काळ्या प्लास्टिकवर मेण लागू द्यायचं नाही, पांढरे डाग राहतात. नव्याने रंगवलेल्या भागावर काही आठवडे काहीच नको. रंगातले द्रावक आधी उडून गेले पाहिजेत. आणि गॅरेजमध्ये रंगकामाला द्यायच्या आधी मेण-सीलंट लावलंय हे कारागिराला सांगायचं. सिलिकोनचा अंश राहिला तर नवा रंग तिथे फाकतो आणि खड्डे पडतात.

वेळापत्रक आपल्या पंचांगातच आहे. मृगाच्या आधी एकदा सीलंट, म्हणजे पावसाळा निभावतो. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतो, त्याच्या आधी दुसऱ्यांदा. मग हळदीकुंकवाची बोटंही रंगात उतरण्याआधी पुसता येतात. आणि आंबा मोहरायच्या सुमारास मेणाचा एक हात. वर्षातल्या तीन सकाळी. आजीचा कल्हईवाला एकदाच यायचा, पण तिचं पातेलं उन्हात उभं नसायचं.

माझं म्हणणं कोणी माझ्या शब्दावर मान्य करू नये. पाच वर्षं जुन्या, कधीच काही न लावलेल्या आपल्याच गाडीकडे जा. इंधनाच्या टाकीचं झाकण उघडून आतला रंग पाहा, किंवा दार उघडून चौकटीतला. तिथे ना ऊन पोचलंय, ना रोजचं फडकं. मग मान वर करून टपाकडे पाहा. दोन्ही रंग एकाच दिवशी, एकाच कारखान्यात लागले होते. मधला फरक पाच वर्षांत झिजून गेलेला आहे आणि परत येणार नाही. त्यातला उन्हाचा वाटा मेणाने वाचला नसता. फडक्याचा, चिकट्याचा, विष्ठेचा आणि क्षारांचा वाटा पुष्कळसा वाचला असता.

हे पाहूनही ज्यांना मेणाची गरज वाटत नाही, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. ज्यांना वाटेल, त्यांनी पुढच्या रविवारी ऊन चढायच्या आत खाली यावं. मेण डब्यात पुष्कळ आहे.